घरी हॅमॉक शिवायचा आहे: रेशमी कापड कोणते घ्यावे?

गॅलरीवाली

नमस्कार मंडळी,

आमच्या कर्वेनगरच्या घराला बारा फूट लांबीची, काचेने बंद केलेली गॅलरी आहे. दुपारी पुस्तक घेऊन आडवे होता येईल अशी एक कापडी झोळी, जिला आता सगळे हॅमॉक म्हणतात, तिथे टांगावी असे गेले वर्षभर मनात आहे. जाळीचा तयार हॅमॉक आणून पाहिला, तर त्याच्या दोऱ्या पाठीला रुतत होत्या. कॅनव्हासच्या झोळीत पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी उकडून निघते. हलके, अंगाला मऊ लागणारे आणि तरीही भक्कम कापड शोधता शोधता मी रेशमापर्यंत येऊन पोहोचले आहे. इंटरनेटवर ‘पॅराशूट सिल्क’चे हॅमॉक दिसतात, ते वजनाला जेमतेम अर्धा किलो असतात आणि दोन माणसांचा भार पेलतात, त्यावरून रेशीम या कामाला चालत असावे असा माझा समज झाला.

हा विचार डोक्यात येण्याला घरचे एक कारणही आहे. माझे लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेले. तिथे माजघराच्या तुळईला आजीचे जुने लुगडे बांधून केलेल्या झोळीत आम्ही सगळी भावंडे वाढलो. ते लुगडे अर्थातच सुती होते, पण आजीचे एक जांभळे रेशमी नऊवारी अजून माझ्या ट्रंकेत पडून आहे आणि ते कोणी नेसणार नाही हेही उघड आहे. दुहेरी केले तर त्याची चार मीटर लांबीची झोळी होऊ शकेल. ते वापरावे, की लक्ष्मी रस्त्यावरून किंवा रविवार पेठेतल्या कापडगंजातून नवे कापड आणावे? नवे आणायचे तर कोणते रेशीम, किती जाड आणि किती पन्ह्याचे घ्यावे, आणि टोके शिवावीत की नुसती बांधावीत, हेही कळले तर बरे होईल. झोळीत मी आणि माझे यजमान आलटून पालटून झोपणार. त्यांचे वजन ८२ किलो आहे आणि उंची पाच फूट दहा इंच.

ताणाबाणा

ताई, माझी नोकरी कापडाच्या तपासणीत गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आधी एक गैरसमज दूर करतो. ‘पॅराशूट सिल्क’ या नावाने हॅमॉकसाठी विकले जाणारे कापड नायलॉन असते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत पॅराशूटच्या छत्र्या खरोखर रेशमाच्या होत्या. अमेरिकेला कच्चे रेशीम मुख्यतः जपानकडून जात असे. १९४१ मध्ये तो पुरवठा तुटला आणि ड्यूपाँ कंपनीने १९३८ मध्ये जाहीर केलेल्या नायलॉनने रेशमाची जागा घेतली. कापड बदलले तरी बाजारात जुने नाव टिकून राहिले, इतकेच. म्हणून त्या हॅमॉकच्या वजनाचे आणि पेलण्याचे आकडे रेशमाला लावू नका.

तरीही रेशमाची झोळी करता येते आणि ती साध्या गणिताने पटवता येते. झोळीची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो, म्हणजे तुमच्या यजमानांच्या बाबतीत ८२ किलो. दोऱ्या ताणून कोन १५ अंशांवर आणला की तोच ताण १५८ किलो होतो, आणि १० अंशांवर २३६ किलो. झोळी ‘सरळ’ टांगण्याचा हौशी लोकांचा आग्रह म्हणूनच घातक असतो. ती पोटात सैल असलीच पाहिजे. आता ८२ किलोंचा ताण कापडाचा मधला ६० सेंटिमीटरचा भाग पेलतो असे धरू. कापडाची ताकद प्रयोगशाळेत ५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर मोजतात. त्या हिशेबाने एका पट्टीच्या वाट्याला सात किलो येतात. चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या साध्या विणीच्या रेशमात अशा पट्टीतल्या उभ्या धाग्यांची कागदावरची ताकद साठ किलोंच्या आसपास निघते. विणण्यात आणि रंगवण्यात होणारे नुकसान धरून ती निम्मी मानली, तरी चौपट मोकळीक उरते. माणूस झोळीत एकदम बसला की भार क्षणभर दुप्पट होतो, म्हणून मी स्वतः ७० ग्रॅमवर न थांबता १०० ग्रॅमच्या आसपासचे कापड घेईन. परदेशी दुकानांत रेशमाचे वजन मॉमी या मापात सांगतात. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम, त्यामुळे २२ किंवा त्याहून जास्त मॉमीचे कापड आपल्या कामाचे.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. रेशमाचा धागा गुळगुळीत असल्यामुळे तो शेजारच्या धाग्यावरून सहज सरकतो, आणि सूर्यप्रकाश व घाम यांनी रेशीम इतर बहुतेक कापडांपेक्षा लवकर विरते. सरकण्याचा दोष विणीवरून ओळखता येतो. सॅटिनमध्ये धागे लांब लांब उड्या घेत वर तरंगतात, म्हणून ते दिसायला देखणे असले तरी झोळीला पूर्ण बाद. (सॅटिन हे विणीचे नाव आहे, तंतूचे नव्हे, पॉलिएस्टरचे सॅटिन रेशीम म्हणून गळ्यात मारले जाते ते याच गोंधळामुळे.) शिफॉन आणि जॉर्जेट यांचा विचारही करू नये. ऑर्गेंझातला रेशमाचा डिंक काढलेला नसतो, त्यामुळे ते ताठ राहते आणि घडीवर चिरते. आपल्याला एक धागा वर, एक खाली अशी साधी, घट्ट वीण हवी. दुकानात कापड दोन्ही अंगठ्यांनी जवळजवळ धरून आडवे ओढावे. धागे बाजूला होऊन फट दिसली, तर दुकानदार काहीही सांगो, ते कापड खाली ठेवावे.

प्रकारांपैकी मला विदर्भातला कोसा, म्हणजे टसर, या कामाला सर्वांत योग्य वाटतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे हे रेशीम तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि खरखरीत असते, ते ताण आल्यावर थोडे अधिक लांबते आणि धागे एकमेकांना धरून राहतात. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे ते हातमागावर विणतात. मात्र उभे आणि आडवे दोन्ही धागे कोशातून सलग उकललेले असावेत. कोशांच्या टाकाऊ भागातून हाताने ओढलेल्या सुताला घिचा म्हणतात. त्याचा पोत सुरेख असतो, पण ते सूत कुठे जाड तर कुठे बारीक असते आणि भार नेमका बारीक जागी बसतो. आसामचे एरी, ज्याच्या अळ्या एरंडाच्या पाल्यावर जगतात, ते कापसासारखे कातलेले सूत असते. जाड एरी चालेल, पण ते उबदार असते, म्हणजे तुम्ही ज्या उकाड्यापासून पळताय तोच परत येईल. मलबेरी, म्हणजे तुतीचे रेशीम, घ्यायचेच असेल तर जड, साध्या विणीचे घ्या. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे बहुधा व्हिस्कोस हे कृत्रिम सूत, आणि ते ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. खऱ्या रेशमाची पाचव्या हिश्शाने घटते.

साडीचे कापड मुळीच घेऊ नका, नव्या साडीचेही नाही. साडीच्या लांबीच्या दिशेने जाणारा जरीचा किंवा सुती काठ रेशमाइतका ताणला जात नाही, त्यामुळे झोळीत सगळा भार आधी दोन्ही काठांवर येतो आणि मधले अंग मोकळे लोंबते. शिवाय साडीचा पन्हा तुमच्या यजमानांच्या उंचीच्या माणसाला अपुरा पडतो.

आजीच्या नऊवारीबद्दल स्पष्टच सांगतो: वापरू नका. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर आतून तुटलेले असते आणि ते अंगावर घेतले तरी चिरते. खात्री करायची असेल तर पदराच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, घडीच्या रेषेच्या दोन्ही अंगांना धरून हलकेच ताणून पाहा.

मांजरपाट

रेशमावर पैसे घालण्यापूर्वी साध्या मांजरपाटाची एक झोळी करून महिनाभर वापरावी, एवढीच सूचना. लांबी किती हवी, झोप कशी लागते, पाय कुठे येतात हे सगळे त्यात कळते, आणि पुण्यात मांजरपाट मिळायला काही अडचण नाही. माझी झोळी मांजरपाटाचीच आहे, चौथे वर्ष चालू आहे आणि रेशमाची आठवण अजून एकदाही झालेली नाही.

निऱ्या-आणि-गाठी

मी कोश्याची झोळी प्रत्यक्ष शिवली आहे आणि त्याआधी एकदा पडलेही आहे, म्हणून दोन्ही सांगते.

पहिल्या वेळी मी एका दुकानातून ‘शंभर टक्के प्युअर’ म्हणून चमकदार क्रीम रंगाचे कापड आणले, टोकांना नेफा शिवून त्यातून दोरी ओवली आणि आवळून टांगले. तिसऱ्या दिवशी बसल्या क्षणी नेफ्याच्या शिवणीलगतचे धागे सरकत गेले, शिवण जशीच्या तशी राहिली आणि कापड तिच्यातून निसटले. खाली गादी होती म्हणून कंबर वाचली. नंतर उरलेल्या तुकड्याचे चार धागे काढून जाळले. रेशीम असते तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख उरली असती. माझ्या धाग्यांचा वितळून टणक मणी झाला, म्हणजे ते पॉलिएस्टर होते. केंद्रीय रेशीम मंडळाचे, २००४ पासून सुरू असलेले ‘सिल्क मार्क’ लेबल पाहून घेतले असते तर निदान ही फसवणूक टळली असती. मात्र ते लेबल शुद्धतेची हमी देते, विणीची नाही, हे लक्षात ठेवा. शुद्ध सॅटिनही मला तसेच खाली आपटले असते.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. शिवणीवर भार येऊच द्यायचा नाही, हे त्यातले मुख्य. कापडाच्या दोन्ही टोकांना दीड इंच दुहेरी दुमडून साधी शिवण घातली, पण त्यातून दोरी ओवली नाही. साडीच्या निऱ्या घालतो तशा टोकाला दोन-दोन इंचांच्या एकसारख्या निऱ्या घेतल्या. त्यांचा जुडगा दुमडलेल्या जाड भागाच्या लगेच आतल्या बाजूला, म्हणजे झोपणाऱ्याच्या अंगाला, पॉलिएस्टरच्या बारीक दोरीने आठ-दहा वेढे घट्ट देऊन बांधला आणि टांगण्याच्या दोरीचा फास त्याच जागेवर आवळला. दुमडलेला जाड भाग गाठीच्या बाहेर बोंडासारखा राहतो आणि फास त्याच्यावरून निसटू शकत नाही. रेशीम गुळगुळीत असल्यामुळे मी वेढ्यांखाली सुती कापडाची एक पट्टी गुंडाळली आहे. पट्टीशिवाय बांधून पाहिले होते, तेव्हा दोन दिवसांत फास अर्धा इंच सरकला होता.

मापे अशी. शिवून तयार झालेली लांबी ३.३ मीटर, आणि माणूस नसताना दोन टोकांमधले अंतर साधारण २.७५ मीटर, हे प्रमाण राखले की ताणाचा कोन आपोआप तिशीच्या आसपास येतो. कोश्याचा पन्हा ४४ इंचांचा मिळाला. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला तेवढा पुरतो. पण हॅमॉकमध्ये सपाट झोपायचे असेल तर जरा तिरके झोपावे लागते आणि पाच फूट दहा इंचांच्या माणसाला त्यासाठी ५५ इंच तरी हवेत. मग मधोमध शिवण घेऊ नका. मधे पूर्ण पन्हा ठेवा आणि दोन्ही कडांना आठ-आठ इंचांच्या उभ्या पट्ट्या जोडा. उभ्या शिवणीवर फारसा ओढ येत नाही, आणि कडांना तर माणसाचा भारही कमीच असतो. जोड दुहेरी दुमडून, दोन टिपांचा घ्यावा, सुई ११ नंबरची आणि दोरा पॉलिएस्टरचा. जाड सुईने रेशमाचे धागे तुटतात, हे मशीनवर बसण्याआधी कोणीतरी मला सांगायला हवे होते.

पट्ट्यांसाठी कापड दुप्पट लागते, म्हणजे सुमारे सात मीटर. उरलेल्यात उशांचे चार अभ्रे होतील, एवढेच समाधान.

गॅलरीवाली

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. ताणाबाणा काकांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री आजीचे नऊवारी काढले आणि घडीच्या रेषेवर जेमतेम ताण दिला, तर बारीक आवाज होऊन बोटभर चीर गेली. बाकीच्या घड्या दिव्यासमोर धरल्यावर त्याही जागोजागी विरलेल्या दिसल्या. आता ते मलमलीत गुंडाळून, घडी बदलून पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे.

मांजरपाटाची सूचना यजमानांना फार आवडली, त्यामागे खर्चाचा विचार असावा असा मला संशय आहे. तर आधी मांजरपाट, मग कोसा, असे ठरले. आता दोन शंका उरल्या आहेत. गॅलरी पूर्वेची आहे, सकाळी नऊपर्यंत ऊन थेट आत येते. काच असल्यामुळे रेशमाला धोका कमी होतो का? आणि कड्या कुठे ठोकाव्यात? एका बाजूला इमारतीचा खांब आहे, दुसऱ्या बाजूला चार इंची भिंत.

कडीपाट

बांधकामात आयुष्य गेले म्हणून दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. पाटाच्या झोपाळ्याचा भार कड्यांवर सरळ खाली येतो, म्हणून आपल्याकडे छताला कड्या लावायची सवय आहे. झोळी मात्र कडीला भिंतीतून बाहेर ओढते. दोरीचा कोन ३० अंश असतानाही ८२ किलोंच्या माणसामुळे प्रत्येक कडीवर सुमारे ७१ किलोंची आडवी ओढ येते आणि बसता-उठता ती वाढते. चार इंची विटांच्या भिंतीत कोणताही बोल्ट मारला तरी त्यावर विसंबू नये; वीट फुटून बोल्ट गिलाव्यासकट बाहेर येतो. खांबात काँक्रीटसाठीचा, आत गेल्यावर फुलणारा अँकर बोल्ट चालेल. भिंतीच्या बाजूला वर तुळई आहे का पाहा. असेल तर कडी तुळईत घेऊन तिथून दोरी लांब सोडावी, कोन वाढला तर हरकत नाही, ताण उलट कमी होईल. खांबावरची कडी जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवली की बसण्याची उंची खुर्चीइतकी येते. भोक पाडण्याआधी सोसायटीची परवानगी घ्यावी, कारण खांब आणि तुळई सगळ्या इमारतीच्या असतात. त्यांतली सळई कापली जाणार नाही एवढी काळजी मिस्त्रीला घ्यायला लावा.

ताणाबाणा

काचेबद्दल: खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी काही अडवते, सगळे नाही, आणि रेशमाला पिवळे व ठिसूळ करायला उरलेले पुरेसे असतात. सकाळी पडदा ओढावा, त्याहून चांगले म्हणजे वापर झाला की झोळी फासातून काढून आत ठेवावी. निऱ्या-आणि-गाठी यांच्या पद्धतीत ते दोन मिनिटांचे काम आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी घडी घाला किंवा सरळ गुंडाळी करा. पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवली तर बुरशी आणि कसर दोन्ही लागतील, म्हणून उघडीप मिळाली की सावलीत वारा दाखवावा.

घामासाठी आत एक पातळ सुती चादर अंथरावी आणि तीच वरचेवर धुवावी. झोळी क्वचित धुवायची, तीही रिठ्याच्या पाण्यात. डाग खाणारी एन्झाइमची डिटर्जंट पावडर नको. रेशीम हे प्रथिन आहे आणि त्या पावडरीतली काही एन्झाइम्स नेमकी प्रथिनेच तोडतात. क्लोरीनच्या ब्लीचचा तर थेंबही लागू देऊ नका. दर महिन्याला गाठीच्या जवळचा वीतभर भाग उजेडासमोर धरून पाहा. झोळी विरायला सुरुवात तिथूनच होते, आणि तिथे धागे पातळ दिसू लागले की टोके अर्धा फूट आत घेऊन नव्याने बांधायची. म्हणून कोसा घेताना लांबीत एक मीटर जास्त धरा.

मांजरपाटाच्या झोळीत पंधरा दिवस झोपून झाले की यजमानांना सोयीची वाटलेली लांबी इथे कळवा, मग पट्ट्यांसकट नेमके किती मीटर लागेल ते सांगतो.